चुंबकीय क्षेत्र आणि गुरुत्वीय अवपात : एका अपेक्षाभंगाचा इतिहास

ओपेनहायमर व स्नायडर यांनी १९३९ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या आधारे ताऱ्याच्या गुरुत्वीय अवपाताचे, म्हणजे स्वतःच्याच गुरुत्वाने आत कोसळण्याचे, गणित मांडले. त्यांचा तारा पूर्ण गोल, दाबरहित आणि अर्थातच चुंबकत्वविरहित होता. प्रत्यक्ष ताऱ्यांत मात्र चुंबकीय क्षेत्र आढळते. त्याचा दाब हा अवपात थोपवू शकेल काय?

गोलाकार ताऱ्यापुरते उत्तर फारसे आशादायक नाही. ताऱ्यातील वायू सुवाहक असल्याने बलरेषा त्यात जणू गोठलेल्या असतात. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्र चौपट होते. परंतु चुंबकीय व गुरुत्वीय या दोन्ही ऊर्जा त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणातच वाढतात. म्हणून आरंभी दुर्बल असलेले क्षेत्र पुढेही दुर्बलच राहते. शिवाय सापेक्षतेनुसार दाबही गुरुत्व निर्माण करतो. म्हणजे प्रतिकार करणाराच शत्रूला कुमक पुरवितो! गिंझबुर्ग यांनी तर १९६४ मध्ये दाखविले की, तारा कृष्णविवराच्या सीमेकडे आकुंचन पावू लागला की त्याचे बाह्य चुंबकीय क्षेत्रच लोपत जाते.

याच सुमारास मेल्विन यांनी एक विलक्षण उत्तर प्रसिद्ध केले. (बॉनर यांना ते १९५४ मध्येच गवसले होते.) त्यात पदार्थाचा लवलेशही नाही. समांतर बलरेषांची एक अनंत लांबीची जुडी, आणि तिला बांधून ठेवणारे तिचे स्वतःचेच गुरुत्व. ही जुडी किंचित दाबली तर समतोल ढळून ती कोसळेल काय, हा प्रश्न प्रिन्स्टन येथे व्हीलर यांचे विद्यार्थी किप थॉर्न यांच्यापुढे आला. १९६५ मध्ये त्यांनी सिद्ध केले ते अपेक्षेच्या नेमके उलट होते. जुडी सर्व बाजूंनी अक्षाकडे कितीही जोराने दाबली, तरी चुंबकीय दाब गुरुत्वावर मात करतो व ती पुन्हा फुलते.

चुंबकत्व गोलापुढे हरते आणि दंडगोलात जिंकते, तर निर्णायक गोष्ट आकार ही असली पाहिजे. या विचारातूनच थॉर्न यांचे १९७२ चे 'कड्याचे अनुमान' आले : वस्तुमान सर्व दिशांनी इतके आकुंचित व्हावे की ठराविक परिघाचे कडे त्याभोवती कसेही फिरविता यावे, तेव्हाच कृष्णविवर बनते. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी हा परिघ सुमारे १८.५ किलोमीटर भरतो. अनंत लांबीच्या जुडीभोवती असे कडे आडवे बसेल, उभे कधीच नाही. या अनुमानाची सर्वसाधारण सिद्धता अद्याप मिळालेली नाही.