लुकणाचं कूळ

कोकणातल्या आमच्या जुन्या घराच्या पश्चिमेकडच्या खिडकीला पावसाळा सरल्यावर रंग द्यायचं ठरलं. चौकटीचं खालचं आडवं लाकूड वरून धडधाकट दिसत होतं. ऑइल पेंटचे चार-पाच थर अंगावर होते, कोपऱ्यात थोडे फुगे, एवढंच. मेस्त्रींनी खिशातला टोचा काढून त्या फुग्यावर सहज दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो बाहेर काढून हातावर झटकला.

"आत लाकूड नाही, तपकीर आहे. रंगानंच धरून ठेवलंय सगळं."

"मग लांबी भरून टाका," मी म्हटलं.

"लांबी भोकात भरतात, भाऊ. हे भोक नव्हे."

तेव्हा मला ते मेस्त्रींचं नेहमीचं कुरकुरणं वाटलं. लांबी म्हणा, लुकण म्हणा किंवा अलीकडचं पुट्टी म्हणा, हा लगदा आला कुठून हे धुंडाळायला लागलो, आणि त्यांचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

आपल्याकडचा सर्वांत भारदस्त पूर्वज म्हणजे वज्रलेप. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त त्याची कृतीच देऊन ठेवली आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं, सालईच्या बिया, वेखंड असं सगळं पाण्यात उकळायचं आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल वगैरे घालून घोटायचं. हा लेप गरम असतानाच लावायचा. कुठे लावायचा याची यादी लांबलचक आहे: प्रासाद, हवेल्या, सज्जे, मूर्ती, भिंती, विहिरी. टिकेल किती, याचा त्याने दिलेला आकडा आजच्या कुठल्याही जाहिरातदाराला लाजवील असा आहे. दुसऱ्या एका लेपात तर वनस्पती नाहीतच. शिसं आठ भाग, कांसं दोन भाग आणि पितळ एक भाग, वितळवून ओतायचं. मूर्तींना वज्रलेप केल्याच्या बातम्या आजही येतात, पण त्यात कवठ नसतं, प्रयोगशाळेतली रसायनं असतात. नाव तेवढं राहिलं.

या यादीतला जवस लक्षात ठेवा, कारण पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

युरोपातली लाकडाची भरणं मात्र आधी स्वयंपाकघरातून आली. बाराव्या शतकातला थिओफिलस नावाचा साधू देवळातल्या वेदीच्या फळ्या आणि दारं जोडायला चीजचा गोंद सांगतो. मऊ चीज बारीक चिरायचं, कोमट पाण्यात धूत धूत कुटायचं आणि चुन्याबरोबर खलायचं. असा सांधा एकदा वाळला की पाण्याने किंवा उन्हाने सुटत नाही, असा त्याचा भरवसा. पुढे १४०० च्या आसपास चेन्निनो चेन्निनी हा इटालियन चित्रकार चित्राच्या फळीतली गाठ किंवा खळगा बुजवायला सरसात लाकडाचा भुसा मळून भरायला सांगतो. इथे मला हसू आलं. आपला कोणताही सुतार आजही नेमकं हेच करतो. सरसाची जागा फेविकॉलने घेतली एवढंच. करवतीखालचा भुसा चिमटीत घ्यायचा, त्यावर पांढऱ्या गोंदाचा थेंब टाकायचा, बोटाने फटीत दाबायचं आणि वरून पॉलिशपेपर मारायचा. सहाशे वर्षांत कृतीत फरक नाही.

पुट्टी या शब्दाची कथा वेगळीच आहे. फ्रेंचमध्ये 'पॉटे' म्हणजे भांडंभर ऐवज. भाजलेल्या कथिलाची पांढरी पूड काचा आणि धातू घासून चमकवायला वापरत, आणि त्या पुडीला हे नाव होतं. इंग्रजीत हा शब्द १६३० च्या दशकात शिरला तो याच अर्थाने. म्हणजे पुट्टी मुळात काही बुजवत नव्हती, घासत होती. काचेच्या तावदानाभोवती लावायचा मऊ लगदा हा अर्थ इंग्रजीत पहिल्यांदा नोंदला गेला तो १७०६ मध्ये. इंग्लंडात तेव्हा सरकत्या लाकडी खिडक्यांची चलती होती आणि तावदानं बसवायला काहीतरी हवंच होतं. ते मिळालं खडूच्या भुकटीत आणि जवसाच्या तेलात. भुकटीचे चार-पाच भाग, तेलाचा एक भाग आणि मळायला दणकट मनगट, एवढाच मसाला.

तीच जोडी जहाजांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून आपल्या रंगाऱ्यांकडे आली. खडूच्या भुकटीला ते चॉक मिट्टी म्हणतात आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाला बेलतेल. बेलफळाचा त्याच्याशी काही संबंध नाही, तरी महादेवाला वाहायचं तेल असावं अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. क्रिकेटच्या बॅटला आम्ही ते चोळायचो. जवसाच्या तेलाची खुबी अशी की ते पाण्यासारखं वाळत नाही, म्हणजे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट होतात. त्यामुळे लुकण आकसत नाही, पण त्याला आठवडे लागतात आणि दशकांनी ते ठिसूळ होतं. जुन्या लुकणात रंगारी सफेदा घालत. तो शिशाचा असे, म्हणून जुन्या खिडक्यांचा रंग खरवडताना तोंडाला फडकं बांधा आणि धूळ पोरांच्या वाटेला जाऊ देऊ नका.

पण हे सगळे मसाले भोकात भरायचे. खिळ्याचं भोक, तावदानाची फट किंवा गाठीचा खळगा यांच्या कडेचं लाकूड निरोगी असतं. कुजलेल्या लाकडात ही कडच सापडत नाही.

लाकूड कुजतं म्हणजे बुरशी त्याला खाते. लाकडाच्या सुक्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी पाणी त्यात असेल, तर बुरशीला जगणं जमत नाही. तिशीच्या आसपास ओल पोचली की तिची चंगळ होते. तपकिरी कूज करणाऱ्या बुरश्या सेल्युलोज खातात आणि लिग्निन टाकून देतात. मग लाकूड चौकोनी भेगांनी तडकतं आणि बोटात चुरलं की मेस्त्रींची तपकीर होते. युरोपातल्या घरांना छळणारी सर्पुला लॅक्रिमॅन्स ही याच जातीची. अंगावर पाण्याचे थेंब धरते म्हणून तिच्या नावात 'रडणारी' आलं आहे. रानात ती आढळते ती हिमालयात! आपल्या किनाऱ्यावरची उष्णता तिला सोसत नाही, पण इथे दुसऱ्या बुरश्या आणि वाळवी आहेतच. सागाचा गाभा टिकतो तो त्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात ती नसतात, आणि काटकसर करून ते पांढरं लाकूड चौकटीत घातलेलं असलं की कुजायला सुरुवात तिथूनच होते.

अशा भुसभुशीत लाकडात लुकण कशाला धरणार? पहिल्या महायुद्धानंतर लाकडाचा भुगा आणि नायट्रोसेल्युलोज यांचा डब्यातला लगदा आला. त्याचा द्रावक उडाला की तो आकसायचा. खरा बदल आला तो दाताच्या दवाखान्यातून.

पिएर कास्तां हा स्वित्झर्लंडमधला रसायनतज्ज्ञ दंतवैद्यकाची सामग्री बनवणाऱ्या दे त्रे कंपनीत होता. दातांच्या कवळीसाठी न आकसता घट्ट होणारं काही त्याला हवं होतं. १९३८ साली त्याने ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला ते इपॉक्सी रेझिन. कवळ्यांच्या धंद्यात ते काही चाललं नाही. सीबा कंपनीने हक्क घेतले आणि १९४६ मध्ये अराल्डाइट या नावाने ते डिंक म्हणून बाजारात आणलं. एका नळीत रेझिन, दुसरीत हार्डनर. ही दोन एकत्र आली की रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतात, काही उडून जात नाही, म्हणून आकसणं जवळजवळ नाहीच. जुन्या इमारती सांभाळणाऱ्यांनी ते हेरलं. अमेरिकेत १९७८ मध्ये मॉर्गन फिलिप्स आणि जुडिथ सेल्विन यांनी ऐतिहासिक इमारतींतल्या लाकडाच्या दुरुस्तीसाठी इपॉक्सी कसं वापरावं यावर सरकारी पुस्तिकाच लिहिली. आधी पातळ रेझिन कुजलेल्या भागात मुरवून तो घट्ट करायचा, मग घट्ट लगद्याने आकार भरायचा, ही रीत आता सगळीकडे चालते. दात किडला की डॉक्टर कीड कोरून, दात वाळवून मगच भरतो. कास्तांच्या मालाला शेवटी तसंच काम मिळालं.

इपॉक्सीचा चुलतभाऊ म्हणजे गाड्यांची लांबी. मोटारीच्या पत्र्यातले पोचे पूर्वी वितळलेल्या शिशाने भरत, म्हणजे वराहमिहिराचा धातूचा लेपच. १९५५ मध्ये मायामीत रॉबर्ट मर्टन स्पिंक याने पॉलिएस्टर रेझिनमध्ये शंखजिऱ्याची भुकटी घालून बाँडो बनवला. पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतो, स्वस्त आहे, म्हणून आता आपले डेंटिंग-पेंटिंगवाले तसलीच लांबी घरांच्या दारांनाही फासतात. माझं मत विचाराल तर आतल्या, कोरड्या दाराला चालेल. बाहेरच्या चौकटीला नको. पावसात लाकूड फुगतं, उन्हात आवळतं. पॉलिएस्टर हलत नाही, मग कडेने केसाएवढी फट पडते आणि तेवढी पाण्याला पुरते.

इपॉक्सीलाही पथ्यं आहेत. ओल्या लाकडात भराल तर पाणी आत कोंडेल आणि त्याच्या मागचं लाकूड कुजेल. साग तेलकट, म्हणून आधी थिनरने पुसून घ्यावा लागतो. उन्हाने इपॉक्सी पिवळं पडून भुरभुरतं, त्यामुळे वरून रंग हवाच. आणि एप्रिलच्या उकाड्यात एकदम वाटीभर कालवलंत तर ते स्वतःच तापून हातातच दगड होतं.

वाडे बांधणाऱ्यांकडे हे काही नव्हतं, तरी सागवानी खांबाखाली ते दगडी तळखडा घालत. जमिनीची ओल दगडापाशी थांबावी, लाकडापर्यंत चढू नये, म्हणून. जिथे लाकूड गेलंच, तिथे तेवढा भाग कापून दुसरा तुकडा सांधत. मेस्त्री त्याच घराण्यातले.

त्यांनी आधी पन्हळ बघितली. ती खिडकीच्या वरच गळत होती. मग चौकट तीन आठवडे उघडी ठेवून वाळवली, खालचा वीतभर भाग तिरका कापला आणि मोडक्या दाराच्या जुन्या सागाचा तुकडा सांधला. खालच्या बाजूला लांबट खाच मारली, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच खाली पडेल. शेवटी सांध्यालगतचे दोन खळगे इपॉक्सीने भरले. रेझिन कालवायला घरात करवंटीच सापडली, आणि मी हौसेने जरा जास्तच कालवलं. उरलेलं त्यातच घट्ट झालं. मेस्त्रींनी करवंटी उलटी करून पायरीवर आपटली, पण ते सुटलं नाही. आता ती माझ्या टेबलावर आहे. पंखा लावला की कागद उडू नयेत म्हणून.