कापसाचा काटा: खंडीपासून मिलिव्होल्टपर्यंत

दिवाळी सरली की पांढरकवड्याच्या परिसरात कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळू लागतात. भावाची चर्चा सारा गाव करतो. पण शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम म्हणजे भाव गुणिले वजन, आणि या दुसऱ्या आकड्याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठाणे. हा जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडला जाऊ लागला, तेव्हा त्याचा हिशेब खंडीत होई. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची. रुईचे भाव आजही याच खंडीत सांगितले जातात, हे विशेष.

जुन्या बाजारात सौदा रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी ठरे. मग तोलाई, हमाली, धर्मादाय अशा कपाती लागत. त्यात सर्वांत बोचरा प्रकार कडत्याचा: ओलावा, माती, काडीकचरा अशी कारणे सांगून वजनातूनच घट धरायची. ती किती असावी हे मापाडी आणि अडत्या ठरवीत. माल विकणारा केवळ ऐकून घेई.

या गैरप्रकारांवरील पहिला उपायही वऱ्हाडातच झाला. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. देशातील बाजार समित्यांची मुळे येथे शोधली जातात. मात्र त्या समित्यांत व्यापाऱ्यांचा भरणा होता आणि ज्याचा माल, त्या शेतकऱ्याला जागा नव्हती. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने या उणिवेवर बोट ठेवले. पुढे १९५६ च्या कायद्याने मण-शेर जाऊन किलो आणि क्विंटल आले.

वजनाचे यंत्रही बदलत गेले. अठराव्या शतकात बर्मिंगहॅमच्या जॉन वायटने तरफांची जोडणी करून अख्खी गाडी तोलणारा काटा रचला. तरफांच्या काट्याचे तत्त्व डोळ्यांना दिसे: दांडी कलली की कळे. १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी स्वतंत्रपणे स्ट्रेन गेज शोधला आणि लोडसेलचा मार्ग मोकळा झाला. आता वजन अदृश्य झाले.

गाडी फलाटावर चढते, तेव्हा खालच्या लोडसेलचे पोलाद केसभराहूनही कमी दबते. त्यावर चिकटवलेल्या पत्र्याचा विद्युतरोध बदलतो. दहा व्होल्ट दिल्यास पूर्ण भाराला साधारण वीस मिलिव्होल्ट मिळतात. त्याचे तीन हजार भाग केले, तर एका भागाच्या वाट्याला जेमतेम सात मायक्रोव्होल्ट येतात! सर्व लोडसेलच्या तारा जंक्शन बॉक्समध्ये एकत्र होतात. तेथून संकेत इंडिकेटरच्या इनपुट भागात जातो, वाढवला जातो आणि अंकांत रूपांतरित होतो. आउटपुट भाग तोच आकडा संगणकाला, पावती छापणाऱ्या प्रिंटरला आणि बाहेरच्या मोठ्या लाल अंकांच्या फलकाला पाठवतो.

तंत्रज्ञ इनपुटकडे अधिक लक्ष देतात, कारण ओल, सैल जोड किंवा उंदराने कुरतडलेली तार तेथेच आकडा बिघडवते. गाडीवानाच्या दृष्टीने मात्र बाहेरचा फलक हाच खरा काटा. तो झाकलेला असेल किंवा आत वळवलेला असेल, तर आतील अचूकतेचा त्याला काहीच उपयोग नाही.

दांडी कललेली कोणालाही दिसे. इंडिकेटरमधील समायोजन बदललेले दिसत नाही. म्हणून वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक पडताळणीनंतर ते मोहोरबंद करतात. वाहनकाट्याची ही पडताळणी दरवर्षी करावी लागते.

भरलेली गाडी एकदा, रिकामी गाडी पुन्हा एकदा. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे कापूस. कडत्याचा जुना वाद आता पावतीवरील आर्द्रतेच्या आकड्यापाशी येऊन थांबला आहे, आणि तो आकडा या काट्यातून येत नाही.