अग्नी, वाफ आणि संसर्गदूषित वस्तू : पुण्यातील 1897 च्या प्लेगच्या संदर्भात

शनिवार पेठ मुठेच्या काठी वसलेली. एका अंगास शनिवारवाडा, दुसऱ्या अंगास ओंकारेश्वराचे देवालय. देवालयाजवळ पूर्वी स्मशान असल्याने अग्नीने देहाची शुद्धी होते, ही कल्पना या वस्तीस परकी नव्हती. परंतु 1897 च्या उन्हाळ्यात पुण्याच्या पेठांतून जी आग पेटली, ती सरकारी होती.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले. त्यानंतर लवकरच ही साथ पुण्यास पोहोचली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगाचा कायदा संमत झाला आणि पुण्याचा कारभार वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीकडे आला. मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घराघरांतून रोगी शोधू लागल्या. रोग्यास इस्पितळात व त्याच्या घरच्या माणसांस विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. घरांत जंतुनाशके शिंपडली जात, भिंतींस चुना दिला जाई, आणि दूषित ठरलेली अंथरुणे, कपडे व चिंध्या जाळल्या जात. या बंदोबस्ताविरुद्धच्या असंतोषाची परिणती 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावरील गोळीबारात झाली.

दूषित वस्तूंवर उष्णतेचा प्रयोग करण्यात शास्त्रीय तथ्य होते, यात शंका नाही. तथापि त्या प्रयोगाचे प्रकार त्याआधीच निश्चित झाले होते. रॉबर्ट कॉख व त्यांचे सहकारी यांनी 1881 मध्ये असे दाखविले की, जंतूंची बीजाणुके कोरड्या उष्ण हवेने मारावयास 140 अंश सेल्सिअस तापमान सुमारे तीन तास लागते, आणि तेवढ्यात कापड खराब होते. उलट वाहत्या वाफेने हेच कार्य कितीतरी लवकर साधते. म्हणजे वाकळ निर्जंतुक करण्यासाठी ती जाळण्याची आवश्यकता नव्हती. ज्या घरात दुसरी वाकळ नाही, त्या घरास हा भेद केवळ शास्त्रीय नव्हता.

शिवाय रोगाचा खरा वाहक अद्याप अज्ञात होता. जंतूचा शोध 1894 मध्ये हाँगकाँगला लागला होता. परंतु पिसवांच्या द्वारे उंदरांकडून माणसाकडे प्लेग येतो, हे पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये दाखविले. चिंध्यांबरोबर त्यांतील पिसवा जळाल्या असतील. भिंतीतील व धान्याच्या कणगीखालील उंदीर मात्र तसेच राहिले.

आज हाच प्रश्न निराळ्या रूपात पुढे येतो. भारतात जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधी नियम प्रथम 1998 मध्ये व नंतर 2016 मध्ये झाले. त्यांनुसार भट्टीच्या पहिल्या कक्षात सुमारे 800 अंश, दुसऱ्यात सुमारे 1050 अंश तापमान ठेवावे लागते, व दुसऱ्या कक्षात वायू किमान दोन सेकंद राहावा लागतो. क्लोरिनयुक्त प्लॅस्टिक जाळण्यास मनाई आहे, कारण त्यातून डायॉक्सिनासारखी विषे निघतात. नळ्या व सुया यांच्याकरिता दाबाखालील वाफ उपयोगात येते. प्राणवायूच्या अभावी प्रखर उष्णतेने पदार्थाचे विघटन करणाऱ्या प्लाझ्मा पद्धतीसही मान्यता आहे.

यावरून असे दिसते की, उष्णतेने संसर्ग नष्ट होतो हे तत्त्व स्थिर राहिले. बदलले ते प्रमाण, निवड आणि जबाबदारी. काय जाळावे, काय वाफेत घालावे व काय राखावे, याचा विवेक 1897 मध्ये पुरेसा केला गेला नाही. त्याची किंमत ज्या घरांतील अंथरुणे जळाली त्यांनी प्रथम, आणि प्रजेचा विश्वास गमावलेल्या राज्यकर्त्यांनी नंतर दिली.