एकमत आणि प्रभुभोजन

परवा अमेरिकेतल्या ल्यूथरन मंडळींचा इतिहास वाचत बसलो होतो. १८७२ साली मिसुरी, विस्कॉन्सिन वगैरे सिनॉड, म्हणजे चर्चचे संघ, एकत्र आले आणि सिनॉडिकल कॉन्फरन्स झाली. अट एकच: आधी शिकवणीवर पूर्ण एकमत, मगच एकत्र प्रभुभोजन.

पुढे मिसुरीवाले इतर ल्यूथरनांशी बोलणी करू लागले, प्रसंगी त्यांच्याबरोबर प्रार्थनाही चालेल म्हणाले. विस्कॉन्सिनवाल्यांना ही ढिलाई वाटली. वर्षानुवर्षं समजावून शेवटी १९६१ साली त्यांनी संबंध तोडले. १९६७मध्ये कॉन्फरन्सच संपली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) दोघांचाही आधार तोच, १५८० चा 'बुक ऑफ कॉन्कॉर्ड'.

आधी मला हा निव्वळ हटवादीपणा वाटला. पण नसलेलं एकमत दाखवत एकत्र बसणं त्यांना जमेना, हेही खरंच. तरी एक भाऊ मिसुरीत, दुसरा विस्कॉन्सिनमध्ये, आणि प्रभुभोजनाला दोघं वेगवेगळ्या चर्चमध्ये, हे काही पचत नाही बुवा.