लीलाबाई

आपल्या भाषेत ‘बाई’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई या नावांत तो मुकुटासारखा शोभतो. शाळेत मुले ‘बाई’ म्हणून हाक मारतात तेव्हा त्यात आदर असतो. आणि तोच शब्द ‘नाटकातली बाई’, ‘सिनेमातली बाई’ असा उच्चारला की बोलणाऱ्याचा आवाज नकळत खाली येतो. शब्द एकच, पण एका ठिकाणी त्याला हात जोडायचे आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्याकडे चोरून पाहायचे, अशी आपली रीत. मी सिहोऱ्याला शाळेत शिकवते, म्हणून यातला पहिला अर्थ माझ्या वाट्याला आपसूक आला. त्यासाठी मी काही विशेष केले आहे असे मला वाटत नाही. पण एका स्त्रीने हे दोन्ही अर्थ एकाच आयुष्यात भोगले. आधी ती शाळेतली बाई होती, मग सिनेमातली बाई झाली. तिचे नाव लीला चिटणीस. यंदा फराळाच्या ताटाबरोबर तिचीच हकीकत वाचकांपुढे ठेवते.

ती नीट समजायची तर आधीचा काळ थोडा पाहिला पाहिजे. आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक. दंडारीत बाईचे सोंग पुरुषच आणीत आला. लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून तो रात्रभर नाचतो, गाव त्याला दाद देते, आणि दुसऱ्या दिवशी तो धानाच्या बांधीत कामाला लागतो. त्याच्या अब्रूला काही होत नाही. मोठ्या रंगभूमीवरही याहून निराळे नव्हते. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका अशा वठविल्या, की लुगडे कसे नेसावे आणि गजरा कसा माळावा हे घरंदाज स्त्रिया त्यांच्याकडे पाहून शिकल्या. स्त्रीने कसे दिसावे हे पुरुषाने दाखवले तर चालत होते. स्त्रीने स्वतः दाखवले की मात्र बोभाटा.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला स्त्री मिळाली नाही; ते काम अण्णा साळुंके यांनी केले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघी पडद्यावर आल्या. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे यांनी तारामती केली. मोठ्या घरातली शिकलेली स्त्री सिनेमात उतरली म्हणून त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. वाट अशी पावलापावलाने रुळत होती. त्या वाटेवर लीलाबाई आल्या.

त्यांचा जन्म १९०९ साली धारवाडला झाला. माहेरचे आडनाव नगरकर. वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, जातिभेद न मानणाऱ्या ब्राह्म समाजाच्या विचारांचे. घरात पुस्तके होती, मोकळेपणा होता. तरीही लग्न लवकरच झाले, पंधरा-सोळाव्या वर्षी. यजमान डॉक्टर गजानन चिटणीस वयाने बरेच मोठे. दोघांनाही स्वातंत्र्याच्या चळवळीचे प्रेम. क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय पोलिसांना चुकवून वावरत असताना या जोडप्याने अटकेची जोखीम पत्करून त्यांना आसरा दिला होता. चार मुलगे झाले. पुढे संसार मोडला. हाती उरले ते स्वतःचे शिक्षण.

त्यांनी शाळेत नोकरी धरली आणि त्याच सुमारास नाटकांत कामे केली. १९३३ साली मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था उभी राहिली होती. इब्सेनच्या वळणाची नवी नाटके करायची आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या, हा तिचा बाणा. शिकलेल्या स्त्रीला तेथे निदान मान खाली घालून उभे राहावे लागत नव्हते. १९३४ सालच्या ‘उसना नवरा’ या विनोदी नाटकात लीलाबाईंचे काम गाजले. पण चार मुलांचे पोट नाटकावर भरत नाही. त्या सिनेमाकडे वळल्या. तेथेही कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या. गर्दीतल्या लहान कामांपासून आणि मारामारीच्या चित्रपटांपासून सुरुवात झाली. १९३६ साली मास्टर विनायकांच्या ‘छाया’ चित्रपटात त्या झळकल्या. कथा वि. स. खांडेकरांची होती, त्यामुळे मराठी वाचकवर्गाचेही लक्ष तिकडे गेले.

पुढच्याच वर्षी ‘जंटलमन डाकू’ नावाचा चित्रपट आला. त्यात लीलाबाई पुरुषी पोशाखात वावरणारी सफाईदार चोर झाल्या होत्या. त्या वेळी वृत्तपत्रात त्यांची प्रसिद्धी झाली ती ‘महाराष्ट्रातील पडद्यावरची पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घरातील स्त्री’ अशी. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, म्हणून पदवीचे मोल मला चांगले कळते. ही प्रसिद्धी वाचून मात्र मन थबकते. नटीचे काम कसे आहे हे सांगण्याआधी तिची पदवी सांगावी लागली. जणू पदवी हा तिच्या शीलाचा दाखला! पुरुष नटाला तो दाखला कधी कोणी मागितला नाही.

१९३९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘कंगन’ आला आणि लीलाबाईंचे नाव देशभर झाले. तोवर त्या संस्थेत अशोककुमारांसमोर नायिका म्हटले की देविकाराणी, हे ठरलेले. त्यांच्या जागी एक मराठी स्त्री उभी राहिली आणि लोकांनी तिला उचलून धरले. चित्रीकरण चालू असतानाच महायुद्ध पेटले, आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन असल्यामुळे इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. तरी चित्रपट पुरा झाला. मग १९४० साली ‘बंधन’ आणि १९४१ साली ‘झूला’. तिन्ही चित्रपट चालले. डोळ्यांनी कसे बोलावे हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असे अशोककुमारांनी पुढे मोकळेपणाने सांगितले.

याच १९४१ सालातली ती जाहिरात. लक्स साबण आपल्याकडे १९२९ पासून येत होता. लिव्हर कंपनीने १९३४ साली मुंबईत शिवडीला साबणाचा कारखानाही सुरू केला होता. परंतु लक्सच्या जाहिरातीत चेहरा असे तो हॉलिवूडच्या नामांकित नट्यांचा. त्या जागी प्रथमच एक भारतीय नटी आली. ती लीला चिटणीस. आज अशा कामाला मॉडेलिंग म्हणतात, आणि खेड्यातल्या मुलींनाही तो शब्द ठाऊक आहे. लीलाबाईंच्या मागून त्या साबणाच्या जाहिरातीत मधुबाला, नर्गिस, हेमामालिनी, माधुरी दीक्षित आल्या. २००५ साली तर शाहरुख खानही आला. पण पहिले पाऊल या चार मुलांच्या आईचे.

साबण ही साधी वस्तू, पण ती जाते घराच्या अगदी आतल्या भागात. दिवाळीच्या पहाटे उटण्याशेजारी नवी वडी ठेवतो ती मोरीत. तेथे परक्याला मज्जाव. अशा ठिकाणी काय न्यायचे हे गृहिणीने कोणाच्या शब्दावर ठरवावे? तर एका नटीच्या! ज्या घरांनी आपली मुलगी सिनेमात जाऊ दिली नसती, त्याच घरांनी सिनेमातल्या बाईचा चेहरा पाहून साबण घ्यावा, हा कंपनीचा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे वजन बालगंधर्वांच्या गजऱ्याला होते, ते आता एका खऱ्या स्त्रीच्या चेहऱ्याला आले. समाजसुधारकांना जे व्याख्याने देऊन साधत नव्हते ते बाजाराने जाता जाता करून टाकले. मात्र बाजाराने चेहऱ्याला मान दिला. त्या चेहऱ्यामागच्या बाईला दिला का, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर वर्षांच्या आकड्यांत सापडते. १९४१ साली लीलाबाई सौंदर्याचा नमुना म्हणून देशापुढे होत्या. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९४८ सालच्या ‘शहीद’मध्ये, त्या दिलीपकुमारांची आई झाल्या. त्या वेळी त्यांचे वय ३९. दिलीपकुमार त्यांच्याहून १३ वर्षांनी लहान. १९५१ च्या ‘आवारा’त त्या राज कपूरची आई होत्या, तो १५ वर्षांनी लहान. आता दुसरी बाजू पाहा. त्यांचे नायक अशोककुमार १९११ साली जन्मलेले, म्हणजे त्यांच्याहून दोन वर्षांनीच धाकटे. १९४९ साली ‘महल’ चित्रपटात ते नायक होते आणि नायिका मधुबाला सोळा वर्षांची होती. एकाच झुल्यावर बसलेली ही दोन माणसे. काही वर्षांत एकीच्या केसांना पांढरा रंग लागला, दुसऱ्याला नवी नायिका मिळाली.

लीलाबाईंनी याचे रडगाणे न करता मिळेल ते काम चोख केले. १९४२ साली ‘किसीसे ना कहना’ हा चित्रपट त्यांनी स्वतः काढला. १९५५ साली ‘आज की बात’ दिग्दर्शित केला. पण लोकांच्या मनात त्या राहिल्या आई म्हणूनच. ‘गंगा जमना’, ‘हम दोनों’, ‘गाईड’ या चित्रपटांत ती आई आहे. सोसणारी, खोकणारी, वाट पाहणारी. ‘आवारा’तली आई तर नुसत्या संशयावरून न्यायाधीश नवऱ्याने घराबाहेर काढलेली. ती मुलाला एकटीने वाढवते. थेटरातल्या बायाबापड्यांनी तिच्यासाठी पदर डोळ्यांना लावला. तिचे काम करणाऱ्या स्त्रीनेही आपली चार मुले स्वतःच्या कमाईवर वाढवली होती, हे त्यांतल्या किती जणींना ठाऊक असेल? पडद्यावरच्या सोसण्याला अश्रू मिळतात. पडद्यामागच्या कष्टाला बहुधा कुजबुजच मिळते.

१९८१ साली लीलाबाईंचे आत्मचरित्र ‘चंदेरी दुनियेत’ मराठीत प्रसिद्ध झाले. पुढे त्या अमेरिकेत मुलांकडे गेल्या आणि १४ जुलै २००३ रोजी कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथे वारल्या. वय ९३ वर्षांचे. धारवाडहून निघालेला प्रवास इतका दूर संपला.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींची नाटके होतात. कधी एखादी आई हळूच येऊन विचारते, “बाई, पोरीला नाटकात घेता, पण लोक काही म्हणणार नाहीत ना?” मी तिला लीलाबाईंची गोष्ट सांगते. नटून उभे राहणे हेही काम आहे. त्यात घाम आहे, वेळ आहे, घरच्या चार तोंडांचा घास आहे. ते सारे सांगून झाले की मी पुढचेही सांगते, कारण अर्धी गोष्ट सांगणे बरे नव्हे. चेहऱ्याला मोल देणारा बाजार त्याची मुदतही ठरवतो, म्हणून मुली, जे शिकायचे ते पुरते शिकून ठेव. लीलाबाई हातात शिक्षण घेऊन त्या दुनियेत शिरल्या होत्या. नायिकेची वर्षे संपल्यावर त्या मोडून पडल्या नाहीत. आणि शेवटी स्वतःची हकीकत दुसऱ्या कोणी सांगण्याआधी त्यांनी स्वतःच मराठीत लिहून ठेवली. एवढे करणाऱ्या स्त्रीला ‘बाई’ म्हणताना आवाज खाली आणण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.