‘बेड नाही’ : एका उत्तराचा इतिहास

इतिहासलेखनाला कागद लागतो, आणि ताटकळण्याचा कागद सहसा तयार होत नाही. रुग्णालयांचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो प्रामुख्याने देणगीदारांचा, इमारतींचा, नामवंत शल्यचिकित्सकांचा आणि साथींचा. मुंबईचे जे. जे. किंवा पुण्याचे ससून म्हटले की देणगीदार नावातच बसलेला असतो. ज्याच्या नावाने केसपेपर निघतो, त्याचीही काही नोंद राहते. पण ज्याला दारातूनच दुसरीकडे जायला सांगितले जाते, तो त्या संस्थेच्या दप्तरातून बहुधा निसटतो. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका निसटू पाहणाऱ्या रात्रीकडे वळत आहोत. ती निसटली नाही, याचे कारण तिच्याबद्दल एका संघटनेने थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या खटल्याचे ६ मे १९९६ चे निकालपत्र हा आमच्या वाचनाचा आधार आहे. विधिशाखेचे विद्यार्थी ते ‘अनुच्छेद २१’ साठी वाचतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही ते वाचावे असे आम्हांला वाटते. का, ते पुढे येईलच.

निकालपत्रात नोंदलेली हकीकत अशी. ८ जुलै १९९२ रोजी रात्री पावणेआठच्या सुमारास मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर धावत्या गाडीतून पडला. डोक्याला गंभीर दुखापत झाली. मथुरापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोयी नव्हत्या. त्यांनी डायमंड हार्बरला किंवा कलकत्त्याच्या एखाद्या सरकारी रुग्णालयात न्यायला सांगितले. पावणेबाराला त्याला नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात आणले गेले. तेथे तपासणी झाली, कवटीचे एक्स-रे निघाले, तातडीने दाखल करण्याची शिफारसही झाली. पण शस्त्रक्रियेच्या विभागात खाट रिकामी नव्हती. बारा वाजून वीस मिनिटांनी कलकत्ता मेडिकल कॉलेज : खाट नाही. एक वाजता शंभुनाथ पंडित रुग्णालय : या दुखापतीसाठी लागणारा तातडीचा विभाग नाही. दोन वाजता नॅशनल मेडिकल कॉलेज : खाट नाही. सकाळी आठ वाजता बांगुर मज्जासंस्था संस्थान. एव्हाना एका खासगी रुग्णालयात १,३१० रुपये भरून सीटी स्कॅन झालेला होता; तो पाहून मेंदूत रक्तस्राव असल्याचे कळले, आणि असा तातडीचा रुग्ण आपल्याकडे हाताळता येणार नाही असे सांगण्यात आले. दहा वाजता एस.एस.के.एम. रुग्णालय : मज्जाशल्यचिकित्सेची सोय नाही. अखेर एका खासगी रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले. तो २२ जुलैपर्यंत तेथे होता. उपचाराचा खर्च सुमारे १७,००० रुपये आला.

सात सरकारी दारे, आणि आठवे खासगी. या निवेदनात विशेषण जवळजवळ नाही. वेळ, ठिकाण, उत्तर. पुन्हा वेळ, ठिकाण, उत्तर. करुणरसाच्या सिद्धीसाठी आपण वर्गात ज्या विभावांची चर्चा करतो, त्यांपैकी काहीही येथे योजलेले नाही; तरीही चौथ्या दारापाशी वाचकाचा श्वास अडखळतो. आणि रात्री दोन ते सकाळी आठ या सहा तासांबद्दल हे निवेदन काही सांगत नाही. त्यातला काही वेळ सीटी स्कॅनसाठी गेला असावा. उरलेल्या वेळात माणूस कोठे निजवला होता, सोबतच्यांनी पैसे कसे उभे केले, पुढचे दार कोणते हे कोणी ठरवले, हे आपल्याला कळत नाही. आमच्या मते या इतिहासाचे मर्म या रिकाम्या जागेतच आहे.

कारण ‘प्रतीक्षा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रांग येते. एक खिडकी, एक बाकडे, एक क्रमांक. रांगेला निदान शेवट असतो आणि ती दिसते तरी. त्या रात्री मात्र रांग कोठेच नव्हती. प्रत्येक दारात उत्तर थोडक्या वेळात मिळाले. कोणत्याही एका रुग्णालयाच्या घड्याळाने मोजले, तर तेथे फार विलंब झाला असे म्हणता येणार नाही. विलंब दारांच्या आत नव्हता, दोन दारांच्या मधे होता. सार्वजनिक तातडीच्या सेवेतली आपल्याकडची प्रतीक्षा ही अनेकदा अशी रस्त्यावर विखुरलेली प्रतीक्षा आहे; म्हणूनच ती कोणाच्याही हिशेबात धरली जात नाही.

असे दुसरीकडे पाठवणे मुळात अन्यायकारक म्हणून योजलेले नव्हते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने देशात दर हजार लोकसंख्येमागे जेमतेम ०.२४ खाटा असल्याचे नोंदवले होते. समितीचे दीर्घकालीन स्वप्न तीन पायऱ्यांचे होते : दहा ते वीस हजार लोकांसाठी ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्वही त्या अहवालात होते. या रचनेत ‘रेफर करणे’ म्हणजे रुग्णाला वरच्या पायरीवर हात देऊन चढवणे. स्वातंत्र्यानंतर आराखड्याची पायऱ्यांची कल्पना घेतली गेली, पायऱ्यांची रुंदी मात्र घेतली गेली नाही. खालची पायरी अपुरी राहिली की सगळा भार वरच्या पायरीवर येतो. तीही भरली की ‘रेफर’ या शब्दाचा अर्थ पालटतो. चढवणे संपते आणि टोलवणे सुरू होते. शब्द तोच राहतो. भाषेच्या अभ्यासकांनी हा अर्थपालट टिपून ठेवावा असा आहे.

न्यायालयापुढे असा प्रश्न प्रथमच आलेला नव्हता. २८ ऑगस्ट १९८९ च्या परमानंद कटारा खटल्याच्या निकालामागे एका स्कूटरस्वाराच्या मृत्यूची वृत्तपत्रीय हकीकत होती : जवळच्या रुग्णालयाने ‘पोलीस केस’ म्हणून त्याला सुमारे वीस किलोमीटर दूरच्या, तशा प्रकरणांसाठी नेमलेल्या रुग्णालयाकडे धाडले आणि तो वाटेत दगावला. कायदेशीर सोपस्कार नंतर, जीव आधी, असे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले. आमच्या दृष्टीने दोन खटल्यांतला फरक महत्त्वाचा आहे. १९८९ मध्ये अडथळा नियमाचा होता, आणि तसा नियम न्यायालयाच्या एका वाक्याने दूर होऊ शकतो. १९९२ मध्ये अडथळा खाटेचा होता, आणि खाट वाक्याने निर्माण होत नाही.

तरीही १९९६ च्या निकालाने ‘नाही’ हे उत्तर जसेच्या तसे स्वीकारले नाही. राज्याने नेमलेल्या चौकशी समितीचेच म्हणणे होते की खाट नसली तरी रुग्णाची अवस्था पाहता त्याला जमिनीवर किंवा ट्रॉलीवर का होईना, ठेवून घ्यायला हवे होते. जमिनीवर अंथरलेल्या गाद्या हे आपल्या सरकारी रुग्णालयांच्या दुर्दशेचे नेहमीचे चित्र. पण येथे तीच जमीन कर्तव्याची किमान मर्यादा ठरली. न्यायालयाने तातडीचे उपचार वेळेवर न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला, पैशाच्या चणचणीची सबब नाकारली, आणि २५,००० रुपये भरपाई देवविली. त्याबरोबर प्राथमिक केंद्रांतच रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याची सोय, जिल्हा व उपविभागीय रुग्णालयांची वाढ, सुसज्ज रुग्णवाहिका आणि कोठे खाट रिकामी आहे हे कळवणारी राज्यपातळीवरील मध्यवर्ती संपर्कव्यवस्था सुचवली. इतर राज्यांनीही त्या दिशेने पावले टाकावीत, असेही सांगितले.

या शेवटच्या सूचनेचा पुढचा प्रवास महाराष्ट्राशी जोडला जातो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात आली. तिने घटनास्थळ आणि पहिले दार यांमधले अंतर कमी केले. दारांमधल्या अंतराचा प्रश्न उरलाच. तो मुंबईत ठळकपणे हाती घेतला गेला तो २०२० च्या जून महिन्यात, महासाथीच्या दडपणाखाली : महापालिकेच्या चोवीस विभागांत ‘वॉर रूम’ उघडल्या, आणि रुग्णाने खाट शोधत हिंडण्याऐवजी कक्षाने खाट शोधून रुग्णाला कळवावे अशी पद्धत आली. १९९६ च्या निकालात लिहिलेली कल्पना चोवीस वर्षांनी, संकटाने भाग पाडल्यावर, या रूपात एका शहरात उतरली. ‘वॉर रूम’ हे नावही बोलके आहे. जे रोजचे कर्तव्य होते, ते पार पाडण्यासाठी आपल्याला युद्धाचे रूपक लागले.

मोजण्याने सारे सुटते असा आमचा दावा नाही. इंग्लंडने २००४ पासून अपघात-विभागातील ९८ टक्के रुग्णांचा चार तासांत निकाल लागावा असे लक्ष्य ठेवले, ते २०१० मध्ये ९५ टक्क्यांवर आणले, आणि जुलै २०१५ नंतर देशपातळीवर तेही गाठले गेलेले नाही. तेथे चौथा तास संपत आला की रुग्णांना घाईने हलवण्याचा प्रकार घडला. रुग्णालयाबाहेर थांबलेल्या रुग्णवाहिकांची रांग नव्याने दिसू लागली. आकडा वास्तव उघडे करतो आणि झाकायलाही शिकवतो. पण तेथील सरकारला अपयश कबूल करावे लागते, कारण ते आकड्यात दिसते. आपल्याकडे ते दिसण्यासाठी एका शेतमजुराला वाचावे लागले, त्याच्यामागे संघटना असावी लागली, आणि चार वर्षे थांबावे लागले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही हकीकत डॉक्टरांच्या निर्दयतेची म्हणून वाचणे सोपे आहे, आणि ते अपुरे ठरेल. पहिल्या मोठ्या रुग्णालयात मध्यरात्रीच्या सुमारास कोणीतरी त्याला तपासले, एक्स-रे काढले, दाखल करा असे लिहिले. ती शिफारस खरी होती. तिच्यामागे खाट नव्हती. अशा शिफारशी लिहिणारे निवासी डॉक्टर, स्ट्रेचर ढकलणारे मामा आणि वॉर्डातल्या मावशी यांच्याही वाट्याला या इतिहासाची एक बाजू येते. ‘नाही’ हा शब्द उच्चारण्याचे काम व्यवस्था नेहमी सर्वांत खालच्या माणसाकडे सोपवते. बाहेरच्या माणसाचा राग त्याच्यावरच निघतो. ज्या मंजूर न झालेल्या खाटांमुळे ते उत्तर जन्मते, त्यांच्या कागदावर सही करणारा मात्र अपघात-विभागाच्या दारात कधीच उभा नसतो.

म्हणून साहित्याच्या वर्गात हे निकालपत्र वाचावे. निवेदकाने काय वगळले, हा प्रश्न आपण कथात्म साहित्याला नेहमी विचारतो. तोच प्रश्न रुग्णालयांच्या नोंदवह्यांना, अहवालांना आणि नियोजनाच्या तक्त्यांना विचारायला हवा. रात्री दोन ते सकाळी आठ. त्या सहा तासांची पूर्ण नोंद करण्याची जबाबदारी कोणा एका संस्थेवर नव्हती, आणि ज्या व्यवस्थेत ती कोणावरच नसते, त्या व्यवस्थेत असे तास पुन्हा पुन्हा येत राहतात.