पाठीवरची बेरीज

१९९८ मध्ये फुटबॉलपटू रॉबर्टो बाज्जो इंटर मिलान क्लबमध्ये आला आणि त्याला १० नंबर मिळाला. तोवर १० घालणारा ब्राझीलचा रोनाल्डो मग ९ वर सरकला. त्या ९ चा आधीचा धनी, चिलीचा इव्हान झामोरानो, १८ वर गेला. पण त्याने १ आणि ८ यांच्या मध्ये अधिकचं चिमुकलं चिन्ह लावून घेतलं. १+८. उत्तर पहिलीतलं पोरही सांगेल.

एका आकड्यासाठी एवढा जीव का अडकावा? मुळात हे आकडे माणसांचे नव्हतेच. २५ ऑगस्ट १९२८ ला इंग्लंडच्या लीगमध्ये आर्सेनल आणि चेल्सीचे खेळाडू पाठीवर नंबर लावून उतरले, ते कोण कुठे खेळतोय हे दिसावं म्हणून. १९३३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात तर एव्हर्टनला १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीला १२ ते २२ दिले होते; सिटीचा गोलकीपर २२ नंबरचा! लीगने नंबर सक्तीचे केले ते १९३९ साली. तेव्हाची मांडणी सरळ होती: गोलकीपर १, दोन बॅक २ आणि ३, तीन हाफबॅक ४, ५, ६ आणि पुढचे पाच ७ ते ११. त्या दिवशी उजवा बॅक जो खेळेल त्याचा २. पुढच्या शनिवारी तोच २ दुसऱ्या कुणाच्या अंगावर.

१९५४ च्या वर्ल्ड कपपासून संघातल्या प्रत्येकाला स्पर्धाभरासाठी एकच नंबर मिळू लागला. जागेचा नंबर माणसाला चिकटला, आणि खरी गंमत इथून सुरू झाली. १९५८ ला ब्राझीलने नंबरांची यादीच पाठवली नाही; मग तिऱ्हाइताने हाताला येतील तसे नंबर वाटले. गोलकीपर जिल्मारला ३. उजवीकडून धावणाऱ्या गारिंचाला ११, तर डावीकडच्या झागालोला ७. आणि १७ वर्षांच्या एका पोराला १०. तो पेले. १० नंबरची पुढे जी पूजा झाली, तिचं मूळ अशा कारकुनी गोंधळात आहे. मला हे फार आवडतं.

काहींनी वाटपाची कटकटच नको म्हणून शाळेतल्या हजेरीपटाचा मार्ग धरला: आडनावाच्या अक्षरक्रमाने नंबर. १९७४ ला नेदरलँड्सने तेच केलं. १ नंबर फॉरवर्ड रूड गील्सला आणि गोलकीपर यान योंगब्लूटला ८. पटावर पहिलं नाव योहान क्रायफचं येत होतं, पण त्याने आपला १४ सोडला नाही. अर्जेंटिनाही याच वाटेची. १९७८ ला मारिओ केम्पेसच्या वाट्याला १० आला तो केवळ आडनावामुळे, आणि सहा गोल करून त्याने वर्ल्ड कप जिंकून दिला. गोलकीपर फिलोल मात्र ५ नंबरचा. १९८२ ला १ नंबर घालून मधल्या फळीत खेळला ओस्वाल्डो आर्डिलेस, आणि फिलोल ७ वर गेला. हजेरीपट मोडला तो फक्त एकासाठी: क्रमाने १२ येणाऱ्या मॅराडोनाला १० दिला गेला आणि त्याच्या जागी पॅट्रिसिओ एर्नान्देसने १२ घातला. नियम सगळ्यांना, मॅराडोनाला सोडून. यात मला अन्याय दिसत नाही.

पुढे क्लबांतही हौस वाढली. स्कॉटलंडच्या अॅबर्डीनकडून खेळणाऱ्या मोरोक्कोच्या हिशाम झेरुआलीला प्रेक्षक लाडाने ‘झीरो’ म्हणत. त्याने पाठीवर चक्क ० घातला. फ्रान्सच्या बिझांते लिझाराझूने बायर्न म्युनिकमध्ये ६९ निवडला: जन्मसाल १९६९, उंची १६९ सेंटिमीटर, वजन ६९ किलो.

वर्ल्ड कपच्या नियमांत आता १ नंबर गोलकीपरसाठीच राखून ठेवलेला आहे. आर्डिलेस आज खेळत असता, तर हजेरीपटावर पहिला असूनही त्याला निदान २ वर तरी सरकावं लागलं असतं.